बैलाआडचा शिकारी

उस्मान, तुझ्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये, असं घरचे सांगतात. घरचे कधी तुझ्याबरोबर हरणाच्या शिकारीला आलेले नाहीत. त्यांना सांगायला काय जातं.

काल अनसिंगच्या बाजारात तुझ्या दुकानावरून गेलो. फळ्या लावलेल्या होत्या. कंदिलाची वात न्यायला आलेला एकजण मलाच विचारायला लागला, "उस्मानशेठले झालं काय हो?" ताप आला, छातीत कफ भरला, गेला, एवढं सांगून मी पुढं निघालो. तू गेल्यापासून मी सगळ्यांना एवढंच सांगतो. पूर्ण हकीकत सांगितली तर अर्धे लोक तुला येडा ठरवतील आणि उरलेले तुला अवलिया करून कबरीवर चादर घालायला निघतील. तुझ्यात येडेपणा नव्हता आणि अवलियाचंही काही नव्हतं. तू हट्टी होतास. साठी उलटलेला, दम लागणारा माणूस दुसऱ्यानं जखमी केलेल्या, आपल्या कसल्याही उपयोगाच्या नसलेल्या एका काळविटामागं थंडीत नाल्याच्या पाण्यातून हिंडतो, याला मी दुसरं काय म्हणू?

आपला बांध एक. तुझं शेत नाल्याच्या अंगाला, माझं वरच्या बाजूला, मधे बोरीची झुडपं. तुझे वडील आणि माझे वडील त्या बांधावरून कधी भांडले नाहीत, याचं गावाला नवल होतं. आपण दोघांनी ती कसर भरून काढली. हरभरा घाट्यावर आला की माळावरचे कळप खाली उतरायचे. काळे नर, पिवळ्या माद्या, त्यांची पिल्लं. एका सकाळीत पिकाच्या ओळीच्या ओळी साफ करून जायची. म्हणून तर आपल्याला पिकाच्या राखणीचे परवाने मिळाले होते. दिवाळी झाली की ठाण्यातून बंदुका आणायच्या, शिमगा झाला की परत नेऊन ठेवायच्या. मधल्या काळाला गाव 'बंदुकीचे दिवस' म्हणायचं. माझी बायको मात्र म्हणायची, "आले तुमच्या भांडनाचे दिवस."

माझी रीत सरळ होती आणि आजही मला तिच्यात खोट दिसत नाही. आधी वारा पाहायचा. तुरीच्या कडेला कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून आडोसा करायचा आणि त्यात गप्प बसायचं. दुनळीत गोळीची काडतुसं. जनावर थांबलं, मान वर केली, की शंभर पावलांवरून मानेत गोळी. जनावर जागेवर कोसळतं, त्याला कळतसुद्धा नाही. उरलेला कळप उधळतो आणि बरेच दिवस त्या रानाकडं फिरकत नाही. पीक वाचतं आणि माणूस न्याहारीच्या वेळेला घरी पोचतो.

आणि तुझी रीत म्हणजे तो बैल. कबऱ्या. तू त्याच्या खांद्याआड कमरेत वाकून उभा राहायचास, एका हातात कासरा, दुसऱ्या हातात वडिलांची ती ठासणीची बंदूक, जिच्यात दारू, गोळी, गज, टोपी एवढं सगळं झाल्यावर एकदाच बार निघायचा. हरणं बैलाला भीत नाहीत, हे खरं. बैल चरत चरत सरकायचा, तू त्याच्याबरोबर सरकायचास. त्यात कळपाकडं सरळ कधीच नाही. आधी इकडं, मग तिकडं, मग उलटं मागं, जणू तुम्हा दोघांचा त्या कळपाशी काही संबंधच नाही. सकाळी निघालेला माणूस उन्हं तापली तरी अर्ध्याच शेतात. चाळीस पावलांच्या आत गेल्याशिवाय तू चाप ओढायचा नाहीस. आणि चाळीस पावलांवर आलास की टिटवी ओरडायची, नाहीतर कबऱ्या फुरफुरायचा, आणि कळप उड्या मारत क्षितिजाला. तू सरळ उभा राहून कंबर चोळायचास. मला आडोशात बसून हे सगळं दिसायचं आणि माझ्या डोक्यात तिडीक जायची. तुझ्या पायी मीही बार काढू शकायचो नाही, कारण मधे तू आणि तुझा बैल.

"इथून काहून नाही मारलं?" मी विचारायचो. "समोर उभं तं होतं."

"लांब होतं."

"लांब? माह्या बायकोनं गोटा मारला असता तरी लागला असता."

"मंग वहिनीले आनत जाय उद्यापासून."

आणि यात कबऱ्यानं माझी तूर खाल्ली ती वेगळीच. हरणांनी खाल्ली नसेल एवढी त्यानं खाल्ली, आणि तू त्याला हटकायचा नाहीस, कारण चरणारा बैल पाहून हरणं बिनघोर राहतात म्हणे.

लांबून का मारत नाहीस, याचं कारण मी तुला किती वेळा विचारलं असेल. दरवेळी तू नवीन सांगायचास. एकदा म्हणालास, बंदूक जुनी आहे, लांब गोळी वाहते. मी म्हणालो, माझी दुनळी घे. घेतली नाहीस. मग म्हणालास, बंदुकीचं नाही, हलालचं आहे. जनावर पडलं की त्याचा दम असेपर्यंत पोचून सुरी फिरवली पाहिजे, लांबून मारलं तर पोचेपर्यंत ते मेलेलं असतं आणि मेलेलं आमच्या कामाचं नाही. हे मला पटलं. पटलं म्हणून मी विचारायचं सोडलं, तर पुढच्याच हंगामात तू एक नर जवळून पाडलास, सुरी फिरवलीस, आणि सगळं मटण वाटून टाकलंस. घरी नेलं नाहीस. का, तर "दात दुखून राह्यला." मग खायचं नव्हतं तर एवढ्या जवळ कशाला गेला होतास? तर म्हणालास, "जवळून चुकत नाही मानूस." चुकायचास. मी पाहिलेलं आहे. खरं कारण तुझ्या पोटात काय होतं ते तू सांगितलं नाहीस आणि आता मी ते उकरत बसणार नाही.

तुझ्या जुबेदाच्या लग्नाचं मात्र मी कधीच विसरणार नाही. कामरगावचे पाहुणे येणार होते आणि तुला पंगतीला हरणाचं मटण पाहिजे होतं. मुलीच्या सासरच्यांपुढं मान राहावी, ही तुझी इच्छा, त्यात काही वावगं नव्हतं. लग्नाच्या आधी तू रोज पहाटे कबऱ्याला घेऊन निघायचास आणि रोज रिकामा यायचास. घरात हळद, मांडव, पाहुणे, आयेशाभाभीचा जीव टांगणीला, आणि नवरीचा बाप बैलाआड वाकून रानात. शेवटी लग्नाच्या दिवशी सकाळी मीच जाऊन आडोशात बसलो. चांगला पोसलेला काळा नर आला. एका गोळीत पाडला. गाडीत घालून तुझ्या दारात आणला. मला वाटलं होतं तू मिठी मारशील.

तू वाकून पाहिलंस. हात लावून पाहिलास. म्हणालास, "मेलेलं हाय."

"मी मारलं मंग मेलेलंच राहीन ना."

"नारायन, हे आमाले चालत नाही. तुले मालूम हाय."

"पाहुन्यायले कोन सांगते? तुह्या घरचे सांगतीन का मी सांगीन?"

"मी सांगीन," तू म्हणालास. "माह्या तोंडून निंघून जाईन."

आणि निघून गेलंही असतं, ते मला माहीत होतं. ते हरीण माळावर उतरलेल्या पारध्यांच्या पालावर गेलं. त्यांची त्या दिवशी चंगळ झाली. कामरगावच्या पाहुण्यांनी डाळ, वांगी आणि बाजारच्या बकऱ्याचं मटण खाल्लं, ढेकरा दिल्या, आणि हरणाचं नावही कुणी काढलं नाही. कुणाला ठाऊकच नव्हतं हरणाचं. म्हणजे इतके दिवस जीव जाळला तो फक्त तू, भाभीनं आणि मी.

मी रुसून मांडवाच्या मागं जाऊन बसलो होतो. हिंदू पाहुण्यांसाठी तू वेगळा आचारी लावला होतास, वेगळी चूल, वेगळी भांडी. तिथल्या पंगतीला मी बसलो नाही. नवरीची पाठवणी व्हायच्या आधी, सगळी धांदल सोडून, तू माझ्यासाठी पत्रावळ घेऊन आलास. स्वतः हात लावू नये म्हणून आचाऱ्याच्या पोराकडून वाढून आणली होतीस आणि त्याला पुढं घालून आला होतास. माझ्या पुढ्यात उकिडवा बसलास. डोळे लाल झाले होते.

"जेव," म्हणालास. "पोरगी चालली. भांडन उद्या करू."

मी जेवलो. दुसऱ्या दिवशी आपण भांडलोही. पण त्या दिवशी तुझ्या घरातून पोर जात होती आणि मी उपाशी आहे का ते तू पाहायला आलास, हे मी त्या वेळी तुला बोललो नाही. बोलायला हवं होतं असंही नाही. तू म्हणाला असतास, "बस्स कर," आणि उठून गेला असतास.

माझ्या तोंडावर काडतूस फुटलं त्या वर्षीचं तर आठवलं तरी हसावं की चिडावं कळत नाही. ओल धरलेलं जुनं काडतूस होतं. दारू डोळ्यांत गेली. मला काही दिसेना, मी रानात ओरडत होतो. तू बांध ओलांडून आलास, मला उचलून दमणीत घातलंस आणि वाशीमच्या दवाखान्यापर्यंत बैल पळवलेस. रस्ताभर माझ्या डोळ्यांवर ओलं फडकं धरलं होतंस. आणि रस्ताभर काय बोलत होतास? "ठासनीची असती तं असं झालं नसतं. आपून आपल्या हातानं दारू घालतो, आपल्याले मालूम राह्यते ओली हाय का सुकी." माझे डोळे जळत होते, आपण आंधळे होतो की काय ही भीती होती, आणि कानाशी हे चाललेलं. मी म्हणालो, "उस्मान, तोंड बंद ठेव, नाहीतर मी गाडीतून उडी टाकतो."

"कुठी टाकतं? दिसते काय तुले?" तू म्हणालास.

आणि मला हसू आलं. त्या अवस्थेत हसू आलं, उस्मान. त्यानंतर भीती कमी झाली.

डोळ्यांवर पट्ट्या बांधून मी घरात पडून होतो आणि बाहेर माझा हरभरा घाट्यावर आलेला. बंदुकीचे दिवस ऐन भरात. मी बायकोला रोज विचारायचो, रान राहिलं का? ती म्हणायची, राहिलं. मला वाटायचं, खोटं बोलते. पट्ट्या सुटल्यावर मी काठी टेकत गेलो आणि पाहिलं. सगळा हरभरा उभा. दुकान बंद ठेवून तू दिवसभर माझ्या आणि तुझ्या बांधावरून कबऱ्याला घेऊन नुसता हिंडत होतास. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत. हरणं आली की तोंडानं हाळी द्यायचास. बार एकही काढला नव्हतास.

"एक तरी मारायचं," मी म्हणालो. "दुसरीकडं गेली असती सारी."

"तुह्याशिवाय कोनाले दाखवू मारून?"

मी म्हणालो, दुकान बंद ठेवून गिऱ्हाईक घालवलंस. तू म्हणालास, गिऱ्हाईक कुठं जातं. त्या वर्षी माझ्या घरात हरभरा आला तो तुझ्या पायांवर आला. आणि तरीही, जाता जाता तू एवढं ऐकवलंसच की राखण करायला गोळी लागत नाही, हे आता तरी मान. मी मानलं नाही. दुकान बंद ठेवून दिवसभर बांधावर हिंडणं प्रत्येक कुणब्याला परवडत नाही. हे मी तेव्हा सांगितलं, आजही सांगतो.

कबऱ्या म्हातारा होऊन मेला, तेव्हा मला वाटलं आता तरी तू आडोशात येऊन बसशील. दुसऱ्या बैलाला शिकवण्याचं तुझं वय राहिलं नव्हतं. दोन हंगाम तू बंदूक आणलीस आणि खुंटीला टांगून ठेवलीस. रानात येऊन माझ्याशेजारी बसायचास, तंबाखू मळायचास, मी नेम धरला की खोकायचास. मुद्दाम खोकायचास की नाही, हे तुझं तुला माहीत. भाभी म्हणते, खोकला तेव्हापासूनच होता.

मग यंदा ते मोटारवाले आले. कुठल्या शहरातले होते कोण जाणे, हौशी माणसं, अंगात चांगले कोट. माळावर मोटार घातली आणि कळपामागं पळवली. चालत्या मोटारीतून बार काढत होते. आपण दोघं बांधावर उभे होतो. कळप आपल्या डाव्या हातानं गेला आणि त्यात एक नर मागं पडत होता. मागचा पाय लोंबत होता आणि पोटाखाली रक्त. मोटारवाल्यांनी दोन पाडली, ती मोटारीत टाकली आणि निघून गेले. मागं पडलेल्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. मीही शिव्या दिल्या, उस्मान. मला काही ते गोड वाटलं नव्हतं. पण शिव्या देऊन मी घरी निघालो, कारण बाजारचा दिवस होता. तू नाल्याकडं निघालास.

"कुठी चालला?"

"पाहतो कुठी पडते ते."

"तुह्या हातचं हाय काय ते? मरीन ते कुठीतरी."

"मराले येळ लागते त्याले," तू म्हणालास. "पोटात हाय गोयी."

मी मनात म्हणालो, तासाभरानं परत येईल. तू तिन्हीसांजेला आलास. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलास. मला सांगितलं नाहीस. नाल्याला पाणी होतं, त्यातून दोनदा पलीकडं गेलास, ओल्या धोतरानं दिवसभर लव्हाळ्यात आणि पळसाच्या रानात शोधत फिरलास. रक्ताचा माग मिळायचा आणि तुटायचा. घरी आलास तो कुडकुडत. मी आलो तेव्हा भाभीनं तुझ्यावर घरातल्या सगळ्या गोधड्या टाकल्या होत्या आणि तू त्याखालून मला माग समजावून सांगत होतास. मी तुला काय काय बोललो ते शेजाऱ्यांनीही ऐकलं. वय पाहा, छाती पाहा, खाता आलं असतं का ते, पीक वाचलं असतं का त्यानं, कोणाची गोळी आणि कोण मरतो आहे.

तू ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "झालं? आता तू जाय. नाल्यातल्या खडकाच्या वरच्या अंगाला पाह्य. मी तिकडं नाही पोचलो."

मला हेच सांगायचं आहे. मी गेलो. चिडून गेलो, तुझं तोंड बंद व्हावं म्हणून गेलो. दुनळी घेतली. खडकाच्या वरच्या अंगाला नाला वळतो तिथं लव्हाळा दाट आहे, बाहेरून काही दिसत नाही. कावळे होते म्हणून कळलं. मी वारा बघून आत शिरलो. कुठं आहे ते दिसेना. एक एक पाऊल टाकत गेलो आणि लव्हाळा बाजूला केला तर पुढ्यातच. बंदुकीची नळी टेकली असती एवढं जवळ. त्यानं उठायचा प्रयत्न केला. पुढचे पाय उठले, मागचे उठले नाहीत. जखमेत किडे पडले होते. माझ्याकडं पाहत होतं असं मी म्हणणार नाही. त्याचे डोळे भलतीकडंच होते. श्वास असा चालला होता की मला तो माझ्या तोंडावर लागला. इतकी वर्षं मी हरणं मारली, पण जिवंत हरणाचा श्वास किती गरम असतो ते मला माहीत नव्हतं. मी बार काढला. मग तिथंच खाली बसलो. वर दगड रचले आणि आलो.

तुझ्या खाटेशी बसून सांगितलं, "सापडलं. सोडवलं त्याले."

तू डोळे मिटून होतास. मला वाटलं, झोपलास. थोड्या वेळानं विचारलंस, "किती लांबून?"

माणसानं शुक्रिया म्हणावं, बरं केलंस म्हणावं. किती लांबून.

"हात लागत होता," मी म्हणालो.

तुझ्या मिशा हलल्या. "मंग?"

"मंग काय? ते जखमी होतं, पळू शकत नव्हतं, म्हनून जवळ जाता आलं."

"जखमी कायनं झालं?"

मी तुझी गोधडी सारखी करत बसलो. तुला हसू आलं आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली, अशी की भाभी धावत आली आणि मला म्हणाली, भाऊ, तुम्ही जा आता, हे बोलत राहतील. मी उठलो. दारातून पाहिलं तर तू हात वर करून 'उद्या' अशी खूण केलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा जावई मला बोलवायला आला तो त्या बोलण्यासाठी नव्हता.

कबरस्तानात मी तीन मुठी माती टाकली. लोक माझ्याकडं पाहत होते, नारायण रडतो का ते. मी रडलो नाही, कारण माझ्या डोक्यात तुझं ते 'जखमी कायनं झालं' फिरत होतं आणि मला त्याचं उत्तर सुचत नव्हतं. परत येताना, विहिरीपाशी, सुचलं. असं चोख सुचलं की मी थांबलो आणि मागं वळलो, तुला सांगायला.

उत्तर असं. मोटारवाल्यांनी लांबून मारलं हे खरं, पण त्यांनी पळत्या कळपात मारलं. मी जन्मात पळत्या जनावरावर बार काढला नाही. उभं असेल, मान वर असेल, तरच. लांबून मारणं वेगळं आणि आंधळं मारणं वेगळं. तू आयुष्यभर या दोन्हींची एक मोट बांधलीस आणि मला त्या मोटारवाल्यांच्या ओळीत बसवलंस, मरायच्या आदल्या दिवशीसुद्धा. ते चूक होतं.

हे घेऊन मी काल बाजारातून थेट तुझ्या घरी गेलो. भाभी नवऱ्यामागच्या इद्दतीत आहे, पडद्याआडून बोलते. मी ओसरीत बसलो. जुबेदानं पाणी दिलं. इकडचं तिकडचं झालं, दुकान कोण बघणार वगैरे. मग मी सांगून टाकलं. म्हणालो, भाभी, त्यानं मला शेवटी विचारलं होतं त्याचं उत्तर मला सापडलं आहे, आणि सगळं उत्तर जसंच्या तसं बोललो. इतक्या वर्षांची भांडणं तिनं भिंतीपलीकडून ऐकलेली, दुसऱ्या कुणाला कळलं नसतं.

पडद्याआड तिनं नाक ओढलं. मला वाटलं, रडते. मग ती म्हणाली, "भाऊ, लांबून मारनं येगळं आनि आंधळं मारनं येगळं, हे तं तुमी मांगच्या साली बी म्हनलं होतं. पोळ्याच्या दिवशी. इथंच बसून."

"आनि तो काय म्हनला?"

"काही तरी म्हनले ते. दोनच शब्द. मले चुलीपाशी नीट आयकू नाही आलं." मग म्हणाली, "पन तुमी मंग चूप झाले होते. उठून घरी गेले, चहा बी नाही घेतला."

मी ओसरीत बसून आठवून पाहिलं. घरी येऊन आठवून पाहिलं. बायकोला विचारलं. पोळ्याला मी तुझ्याकडून तोंड पाडून आलो होतो, एवढं तिला आठवतं. मला काहीच आठवत नाही.

काय म्हणाला होतास, उस्मान?